वादळाचा नकाशा आणि फसवे शब्द

अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातील नॉर्मन येथे वादळांचा अंदाज वर्तविणारे सरकारी केंद्र आहे. गारपीट, सोसाट्याचा वारा, चक्रीवात यांचा धोका कोठे किती, हे ते नकाशावर रंगवून दाखविते. पूर्वी धोक्याच्या तीनच पायऱ्या होत्या : स्लाइट, मॉडरेट आणि हाय. २२ ऑक्टोबर २०१४ पासून मार्जिनल व एन्हान्स्ड यांची भर पडून त्या पाच झाल्या. जाणकारांची सोय झाली. सामान्य माणूस मात्र गोंधळला. 'मॉडरेट' म्हणजे मध्यम, असेच कोणीही समजणार. प्रत्यक्षात ती चौथी, लाल रंगाची पायरी! 'एन्हान्स्ड' तिच्या खालची, नारिंगी. पण ऐकायला तीच भारी वाटते. या समजुतीवर कोणी माल उघड्यावर ठेवला आणि तो भिजला, तर चूक कोणाची? आमच्या मते शब्द निवडणाऱ्यांची. नशीब, पायऱ्यांना १ ते ५ आकडेही आहेत.

आपले हवामान खाते चारच रंग वापरते : हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. इथे नारिंगीचा अर्थ 'सज्ज राहा'. व्यापारी बांधवांनी गोदामावर ताडपत्री त्याच दिवशी घालावी, लाल रंगाची वाट पाहू नये.