काश्मीरची हंद : घरच्यांना भाजी, कोंबड्यांना चारा

काश्मीरच्या खोऱ्यात बर्फ वितळले की बांधांवर व फळबागांतून जी पहिली हिरवळ डोके वर काढते, तीत ‘हंद’ ही रानभाजी असते. इंग्रजीत तिला डँडेलियन म्हणतात. पानांच्या कडा सिंहाच्या दातांसारख्या दिसतात, म्हणून फ्रेंच भाषेतून हे नाव आले. अनेक देशांत लोक तिला तण समजून उपटून टाकतात. काश्मिरी गृहिणी मात्र ती वेचून आणते, काही ताजी रांधते आणि काही उन्हात वाळवून हिवाळ्यासाठी ठेवते. बाळंतिणीला कोंबडीच्या मांसाबरोबर शिजवलेली हंद देण्याचा तेथे जुना प्रघात आहे.

या प्रघातामागे काही तथ्यही आहे. १०० ग्रॅम कच्च्या पानांत सुमारे १८७ मिलिग्रॅम कॅल्शियम व ३ मिलिग्रॅम लोह असते. ‘अ’ व ‘क’ जीवनसत्त्वेही मिळतात. फुले येण्यापूर्वीची कोवळी पाने कमी कडू लागतात. ती उकडून, पाणी पिळून काढावे आणि लसणाच्या फोडणीत परतावीत.

निवडताना उरलेली पाने परसातल्या कोंबड्यांना घालावीत. पानांतील रंगद्रव्यांमुळे अंड्याचा बलक गडद पिवळा होतो. जुडी बांधून चोचीच्या उंचीवर टांगली, तर पाने पायदळी जात नाहीत. खुराड्यात कोंडलेल्या कोंबड्यांना ती बारीक चिरून द्यावीत; लांब, चिवट देठ त्यांच्या गळ्यातील अन्नाच्या पिशवीत अडकू शकतात. मात्र हा पाला म्हणजे पुरते खाद्य नव्हे. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. ते केवळ पाल्यातून भागत नाही. म्हणून धान्याबरोबर शिंपल्यांचा चुराही हवाच.

पाने वेचताना ओळख पक्की असावी. पाने जमिनीलगत चक्राकार पसरतात, पोकळ दांड्यावर एकच पिवळे फूल येते आणि दांडा मोडल्यास दुधी चीक निघतो. रस्त्याकडेची किंवा औषध फवारलेली पाने माणसांना नकोत, तशीच कोंबड्यांनाही नकोत. रक्त पातळ करण्याच्या काही औषधांना या पानांतील ‘के’ जीवनसत्त्व बाधते. तेव्हा अशी औषधे घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

मैदानी मुलखातील गृहिणींना हंद सहसा लाभणार नाही. पण त्यांच्या परसातला तांदुळजा हेच दुहेरी काम करील. कोवळे शेंडे भाजीला घ्यावेत आणि उरलेला पाला कोंबड्यांना द्यावा.