घरच्या प्रश्नांची उत्तरे विद्यापीठाच्या ग्रंथालयात

मंडळी, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आरोग्याची माहिती तीन वाटांनी येते. पहिली जी.पी.च्या दहा मिनिटांच्या भेटीतून, दुसरी भारतातल्या नातेवाइकांच्या फोनवरून आणि तिसरी व्हॉट्सॲपवरून. पहिली वाट भरवशाची पण अरुंद, दुसरी मायेची पण ऐकीव आणि तिसरीबद्दल न बोललेलेच बरे. या तिन्हींच्या मागे एक चौथी वाट आहे. डॉक्टर स्वतः ज्या संशोधनावर अवलंबून असतात ते संशोधन ज्या जागी ठेवलेले असते, तिथवर ती जाते. ही जागा म्हणजे विद्यापीठाचे ग्रंथालय. ते फक्त विद्यार्थ्यांसाठी असते असा आपला समज असतो आणि तो पुष्कळ अंशी चुकीचा आहे. प्रस्तुत लेखक डॉक्टर नाही, संगणक क्षेत्रातला इंजिनिअर आहे. त्यामुळे इथे औषधोपचार सांगायचे नसून माहिती कशी शोधावी एवढेच सांगायचे आहे.

हे आपल्यासाठी का महत्त्वाचे

उदाहरण आपल्या पुण्याचेच घेऊ. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. त्यात इंग्लंडमधील साउदॅम्प्टनचे संशोधकही सहभागी होते. पुण्याकडील बाळांचे जन्मतःचे वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास, तर साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलोच्या आसपास भरले. मात्र आपली बाळे हाडापेराने आणि स्नायूंनी बारीक असली तरी त्यांच्या अंगातली चरबी त्या मानाने टिकून होती. २००३ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि 'बारीक तरी चरबीदार' भारतीय बाळाची कल्पना जगभर पोचली.

पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, 'द लॅन्सेट'मध्ये एक पानभर मजकूर छापून आला. त्यात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांची तुलना होती. दोघांचाही बी.एम.आय. अगदी सारखा, म्हणजे २२.३. परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! वजनाच्या तक्त्यात दोघेही 'नॉर्मल', पण आतले चित्र निराळे.

याचा परिणाम आपल्या घरापर्यंत येतो. २०२१ साली इंग्लंडमधील सुमारे १५ लाख लोकांच्या नोंदींवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गोऱ्या माणसाला बी.एम.आय. ३० असताना टाइप २ मधुमेहाचा जेवढा धोका असतो, तेवढाच दक्षिण आशियाई माणसाला २३.९ वरच असतो, असे त्यात आढळले. म्हणूनच 'नाइस' ही संस्था, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर हेल्थ अँड केअर एक्सलन्स, आपल्या लोकांसाठी २३ पासून जास्त वजन आणि २७.५ पासून लठ्ठपणा धरते. 'माझा बी.एम.आय. २४ आहे, म्हणजे सगळे ठीक' असे मानून निर्धास्त बसलेली माणसे आपल्या मंडळातही असतील. त्यांच्या दृष्टीने ही माहिती वेळेवर मिळणे वा न मिळणे यात वर्षांचा फरक पडू शकतो.

ग्रंथालयात प्रवेश कसा मिळतो

आपल्या गावच्या विद्यापीठात वैद्यकीय, नर्सिंग किंवा फार्मसीचे शिक्षण असेल तर तिथे आरोग्यविज्ञानाचे ग्रंथालय असणारच. त्याच्या संकेतस्थळावर 'व्हिजिटर्स' किंवा 'एक्स्टर्नल युजर्स' असे पान असते, ते आधी वाचावे. बरीच विद्यापीठे बाहेरच्या वाचकाला ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा पाहून आत बसून वाचू देतात. पुस्तके घरी न्यायची असल्यास मात्र काही ठिकाणी वर्गणी भरावी लागते. परीक्षांच्या दिवसांत बाहेरच्यांना प्रवेश बंद असू शकतो, तेव्हा जाण्याआधी फोन करावा.

यात एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. विद्यापीठे जर्नलांच्या प्रकाशकांशी जे करार करतात, त्यांतल्या अनेकांमध्ये 'वॉक-इन' वाचकाची तरतूद असते. म्हणजे आपण ग्रंथालयाच्या इमारतीत, त्यांच्याच संगणकावर बसलो तर एरवी पैसे मोजून वाचावे लागणारे लेख फुकट वाचू शकतो. काउंटरवर जाऊन 'वॉक-इन ॲक्सेस आहे का?' एवढेच विचारायचे. मुलगा किंवा मुलगी विद्यापीठात शिकत असेल तर तिचा पासवर्ड मात्र मागू नये. ते कराराच्या विरुद्ध आहे आणि त्रास मुलांना होतो. आपण स्वतः इथल्या विद्यापीठातून पदवी घेतली असल्यास माजी विद्यार्थी म्हणून काय सवलत मिळते ते विचारावे.

लंडनकरांसाठी आणखी दोन ठिकाणे, दोन्ही युस्टन रोडवर. वेलकम कलेक्शनचे ग्रंथालय सर्वांना विनामूल्य खुले असून वैद्यकाच्या इतिहासाचा तिथला संग्रह मोठा आहे. ब्रिटिश लायब्ररीचा वाचक पासही विनामूल्य मिळतो. ऑक्टोबर २०२३ मधील सायबर हल्ल्यात तिच्या संगणकीय सेवा कोलमडल्या होत्या, म्हणून हवे ते मिळेल ना याची चौकशी करूनच जावे. लंडनबाहेरच्या मंडळींनी आपल्या कौन्सिलच्या वाचनालयात 'ॲक्सेस टू रिसर्च'विषयी विचारावे. सार्वजनिक वाचनालयाच्या संगणकावर शोधनिबंध विनामूल्य वाचता यावेत म्हणून २०१४ साली ही योजना सुरू झाली.

घरातले कोणी एन.एच.एस.मध्ये असेल, आणि आपल्यात अशी घरे पुष्कळ आहेत, तर त्यांना रुग्णालयाचे ग्रंथालय आणि तिथला ग्रंथपाल उपलब्ध असतो. ग्रंथपालाला आपण पुस्तके लावून ठेवणारा माणूस समजतो. प्रत्यक्षात वैद्यकीय ग्रंथपाल हा शोध घेण्यात तरबेज असतो.

घरबसल्या काय मिळते

१. पबमेड : अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची ही सूची १९९७ पासून सर्वांसाठी विनामूल्य आहे. तीन कोटींहून अधिक नोंदी. बहुतेकांचा गोषवारा वाचता येतो, पूर्ण लेख सर्वांचा मिळत नाही.

२. युरोप पी.एम.सी. : यात पूर्ण लेख विनामूल्य वाचता येतात. ब्रिटनमधील अनेक संशोधन संस्था सार्वजनिक पैशातून झालेले संशोधन लोकांना खुले असावे अशी अट घालतात, त्यामुळे हा साठा वाढतो आहे.

३. कॉक्रेन लायब्ररी : एखाद्या प्रश्नावरच्या सर्व चांगल्या चाचण्या एकत्र करून त्यांचा ताळेबंद इथे मांडलेला असतो. कॉक्रेन संस्थेची सुरुवात १९९३ साली ऑक्सफर्डमध्ये झाली. प्रत्येक आढाव्याचा सोप्या भाषेतला सारांश कोणालाही वाचता येतो. आपल्यासारख्यांनी सुरुवात इथूनच करावी.

४. नाइस आणि बी.एन.एफ. : नाइसच्या संकेतस्थळावर आजारांवरची मार्गदर्शक तत्त्वे असतात आणि डॉक्टर तीच वापरतात. बी.एन.एफ. म्हणजे औषधांची मात्रा, दुष्परिणाम व परस्परविरोध सांगणारा ग्रंथ. तो ब्रिटनमध्ये संगणकावर विनामूल्य पाहता येतो.

शोधायचे कसे : कारल्याचा रस

समजा, मावशींनी फोनवर सांगितले की रोज कारल्याचा रस घे, साखर उतरते. हे खरे की खोटे? नुसते 'कारला' टाइप केले तर फारसे हाती लागणार नाही. इंग्रजीत 'बिटर मेलन', 'बिटर गोर्ड' आणि वनस्पतिशास्त्रीय नाव 'मोमॉर्डिका चरँशिया' अशी तीन नावे आहेत. ही तिन्ही नावे 'ऑर' या शब्दाने जोडावीत, म्हणजे कोणतेही एक आले तरी चालेल. त्यांना कंस करून पुढे 'अँड' लिहावे आणि 'टाइप टू डायबिटीस' जोडावे, म्हणजे दोन्ही गोष्टी एकत्र असलेलेच लेख येतील. 'ऑर'ने जाळे रुंद होते आणि 'अँड'ने अरुंद. ही एवढी युक्ती आली की निम्मे काम झाले. त्यानंतर डाव्या बाजूला 'सिस्टिमॅटिक रिव्ह्यू' निवडले की हजारो नोंदींतून मोजक्या उरतात.

आजारांच्या नावांचेही असेच. 'हार्ट अटॅक'ची नोंद सूचीत 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' अशी असते. पबमेड बहुधा ही सांगड स्वतःच घालते, तरी शास्त्रीय नाव माहीत असलेले बरे.

कारल्याचे उत्तर काय मिळते? कॉक्रेनचा २०१२ चा आढावा सांगतो की पात्र ठरलेल्या चाचण्या फक्त चारच होत्या आणि कारल्याची शिफारस करावी एवढा पुरावा त्यांतून मिळत नाही. 'पुरावा नाही' म्हणजे 'अपाय होतो' असे नव्हे. भाजी खुशाल खावी. पण रसाच्या भरवशावर मेटफॉर्मिन सोडणे वेगळे. एवढा एक धडा जरी घरात सर्वांच्या गळी उतरला तरी श्रम सार्थकी लागले.

लेख हाती आला, आता काय पाहावे

पहिले, अभ्यास कोणावर झाला? उंदरावर, काचेच्या नळीत की माणसांवर? आणि माणसे आपल्यासारखी होती का? वजन उतरवून टाइप २ मधुमेह मागे हटवता येतो हे दाखवणारी 'डायरेक्ट' ही प्रसिद्ध चाचणी २०१७ साली ब्रिटनमध्ये प्रकाशित झाली. ३०६ जण सहभागी होते. कमी उष्मांकाचा आहार घेतलेल्या गटातील ४६ टक्के लोकांचा मधुमेह वर्षाअखेर मागे हटला होता. निकाल आशादायक, पण सहभागी जवळजवळ सगळे गोरे होते. म्हणजे तो आपल्याला लागू नाही असे नव्हे, पण डॉक्टरांना विचारायचा प्रश्न मात्र आपल्याला मिळाला.

दुसरे, आकडा कसा सांगितला आहे? 'धोका निम्म्यावर आला' हे ऐकायला मोठे वाटते. हजारांत दोघांऐवजी एकालाच आजार झाला तरी ते निम्मेच आणि दोनशेऐवजी शंभरांना झाला तरी निम्मेच. प्रत्यक्ष किती माणसे, ते बघावे.

तिसरे, लेख मागे घेतला गेला आहे का? गोवर-गालगुंडाची लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा १२ मुलांवरचा लेख 'लॅन्सेट'ने १९९८ साली छापला आणि २०१० साली मागे घेतला. दरम्यान किती आईबापांनी मुलांची लस टाळली! मागे घेतलेल्या लेखावर पबमेडमध्ये स्पष्ट सूचना असते, ती वाचायला विसरू नये.

पैशाची बाजू

प्रकाशकाच्या संकेतस्थळावर एकेका लेखाला तीस-चाळीस पौंड मागितले जातात. घाईने कार्ड काढू नये. आधी युरोप पी.एम.सी.वर पाहावे, मग विद्यापीठाच्या 'रिपॉझिटरी'त, मग वॉक-इन संगणकावर. तरीही न मिळाल्यास लेखकाला दोन ओळींची नम्र ईमेल करावी. गोषवाऱ्यापाशी बहुधा पत्ता असतो आणि आपला लेख कोणीतरी वाचू इच्छितो याचा संशोधकांना आनंदच होतो. 'वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध' म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या गोळ्या घेण्यापूर्वी हा अर्ध्या तासाचा शोध केला तर वाचलेले पैसे हीच कमाई.

जी.पी.कडे जाताना

ग्रंथालयातून निदान घेऊन येऊ नये, प्रश्न घेऊन यावा. वीस पानांचे बाड डॉक्टरांपुढे ठेवण्यापेक्षा एका कागदावर तीन ओळी लिहाव्यात : काय वाचले, ते कुठे व कधी प्रसिद्ध झाले आणि त्यावरून मला काय विचारायचे आहे. उदाहरणार्थ, 'मी ३२ वर्षांचा आहे, बी.एम.आय. २४.५, वडिलांना मधुमेह. नाइसच्या २०१२ च्या मार्गदर्शनात दक्षिण आशियाई लोकांचा धोका पंचविशीपासून तपासावा असे आहे. माझी रक्ततपासणी करता येईल का?' अशा प्रश्नाला दहा मिनिटे पुरतात. इंग्लंडमध्ये एन.एच.एस.ची आरोग्य तपासणी ४० ते ७४ या वयात असते, पण आपण चाळिशीची वाट पाहत बसण्याचे कारण नाही.

पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांनी आपल्या बाळांची वजने-मापे घेऊ दिली, त्यातून आपल्या शरीराविषयीचे एक मोठे सत्य उजेडात आले. ते ज्ञान आज आपल्या गावच्या ग्रंथालयातल्या संगणकावर वाचायला मिळते. येत्या शनिवारी वाण्याकडे जाताना वाटेत तिथे डोकावून यायला काय हरकत आहे? ओळखपत्र मात्र बरोबर असू द्या.