मालिकेच्या शीर्षकगीताची चाल कुणाची असते? ‘मिले सुर’ ते ‘वादळवाट’, अशोक पत्कींच्या सुरांची गोष्ट

पोशीरला आमच्या घरी टीव्ही पुढच्या खोलीत आणि चूल मागे. ‘वादळवाट’चे सूर ऐकू आले की आजी तव्यावरची भाकरी उतरवून पुढे यायची. घड्याळ तिनं कधी पाहिलं नाही. गीत संपेपर्यंत पदराला हात पुसत ती आपल्या जागेवर बसलेली असायची.

आता मोबाइलवर मालिका लावा. बऱ्याच अ‍ॅपवर शीर्षकगीत सुरू होताच ते वगळायचं बटण कोपऱ्यात येतं. मीही ते दाबतो, खोटं कशाला बोलू? पण ज्या सुरांवर आजी उठून यायची, ते बांधणारा माणूस कोण होता, हे मला इंजिनीअरिंग संपेपर्यंत माहीत नव्हतं.

हार्मोनियमपासून जिंगलपर्यंत

अशोक पत्की यांचा जन्म १९४१चा. सुमन कल्याणपूर यांच्या कार्यक्रमांत ते हार्मोनियमची साथ करायचे, रंगभूमीवर पं. जितेंद्र अभिषेकी यांचे सहाय्यक होते. ‘केतकीच्या बनी’ आणि ‘नाविका रे’ ही सुमनताईंची गाणी त्यांचीच. पण घराघरात ते पोहोचले जाहिरातींमुळे. त्यांनी हजारो जिंगल्स केल्या. ‘झंडू बाम’ची चाल तुम्हाला आत्ताही गुणगुणता येईल.

जिंगल म्हणजे वेळेचा कडक हिशेब. दहा-वीस सेकंदांत चाल लक्षात राहिली पाहिजे, मालाचं नाव नीट ऐकू आलं पाहिजे आणि दुसऱ्यांदा ऐकताना कंटाळा येता कामा नये. पत्कींची मालिकांची गाणी इतकी का टिकली, याचं उत्तर मला तरी या तालमीत दिसतं.

‘मिले सुर’: चाल एकाची, मांडणी दुसऱ्याची

१५ ऑगस्ट १९८८ रोजी दूरदर्शनवर ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ लागलं. सुरुवातीला पं. भीमसेन जोशी, राग भैरवी. त्यामुळे चालही पंडितजींचीच असावी, असं अनेकांना वाटतं. शब्द पीयूष पांडे यांचे, कल्पना सुरेश मलिक यांची आणि संगीतकार अशोक पत्की. वाद्यवृंदाची मांडणी पियानोवादक लुई बँक्स यांची.

इथे दोन कामांतला फरक समजून घ्यायला हवा. संगीतकार चाल बांधतो. ती कोणत्या वाद्यानं वाजवायची, मागे कोणते स्वर भरायचे, एका भाषेतून दुसरीत जाताना सांधा कसा जोडायचा, हे संगीत संयोजक ठरवतो. बँक्सही १९४१चेच. दार्जिलिंगला जन्म, कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवरच्या हॉटेलांत जॅझ, मग मुंबईत चित्रपट आणि जिंगल्स. हार्मोनियमवाला आणि पियानोवाला या एका गाण्यात भेटले. गाणं देशाला पाठ झालं, या दोघांची नावं मात्र फारशी कुणाला पाठ नाहीत.

मालिकेचं गीत वेगळं कसं?

१९९९मध्ये अल्फा मराठी वाहिनी आली आणि त्याच वर्षी ‘आभाळमाया’. पुढे २००३मध्ये ‘वादळवाट’. दोन्हींचे शब्द मंगेश कुळकर्णींचे, आवाज देवकी पंडित यांचा, संगीत पत्कींचं. या गाण्याला लांबलचक आलापाची चैन परवडत नाही. पहिल्या दोन-तीन सेकंदांतच स्वयंपाकघरात कळलं पाहिजे की आपली मालिका लागली. शब्दांतून गोष्ट फुटायला नको, पण भाव कळायला हवा.

प्रत्येक मालिकेला हाच साचा चालतो असं नाही. आमच्याच भागातल्या, कर्जत-चौक रस्त्यावरच्या एनडी स्टुडिओत ‘राजा शिवछत्रपती’चं चित्रीकरण झालं. २००८ साली स्टार प्रवाहवर आलेल्या या मालिकेला अजय-अतुल यांनी वीररसाचं भव्य संगीत दिलं. पत्कींचा सूर याच्या उलट, घरातल्या माणसासारखा. २००६च्या ‘अंतर्नाद’ या कोकणी चित्रपटासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. माझ्या आजीला विचारलं असतं, तर तिनं ‘वादळवाट’लाच दिला असता.

मग पैसे कुणाला?

थोडं गणित करू. आठवड्याला सहा भाग धरले तर वर्षाला साधारण ३०० भाग होतात. गीत एका मिनिटाचं असेल, तर ते वर्षभरात पाच तास वाजतं. एकदा बांधलेल्या चालीचा हा वापर.

१९७७मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला होता की, निर्मात्यानं पैसे देऊन चित्रपटासाठी संगीत करून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर मालकी निर्मात्याची. म्हणजे एकरकमी मानधन घ्या आणि विसरा. २०१२च्या दुरुस्तीनं चित्र बदललं. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत या बदलासाठी जोर लावला होता. आता मालकी निर्मात्याकडे गेली, तरी चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातल्या रॉयल्टीचा समान वाटा गीतकार-संगीतकाराकडेच राहतो. करारात लिहूनही तो सोडता येत नाही. कायद्यात ‘चित्रपट’ या शब्दाची व्याख्या मोठ्या पडद्यापुरती नाही, दृश्यमुद्रण असलेली मालिकाही त्यात बसते.

ही रॉयल्टी गोळा करते आयपीआरएस ही संस्था. ती १९६९ची, पण कॉपीराइट सोसायटी म्हणून तिची नवी नोंदणी २०१७ची. संगीतरचनेचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं टिकतो, त्यामुळे हा वाटा पुढे वारसांकडे जातो. अ‍ॅपवर ऐकलेलं गाणं, फोनची कॉलर ट्यून, गणपतीत ऑर्केस्ट्रावाल्यांनी गायलेलं शीर्षकगीत, हे सगळं या हिशेबात येतं.