श्रद्धा ठेवू, पण कुणाचं नाव घेणार नाही

मी बचत गटांची सहयोगिनी. एरवी आपण बचत, कर्ज, शेळ्या, मोहफूल यांवर बोलतो. आज मात्र एका भांडणाबद्दल बोलायचं आहे. ते भांडण आमच्या एका गटात झालं. आणि जवळपास तेच भांडण महाराष्ट्राच्या विधिमंडळातही अनेक वर्षं चाललं होतं.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्या बाईला अजून त्याच गावात राहायचं आहे. धानाची रोवणी चालू होती. गावात तीन लेकरं तापानं पडली. घरचे लोक दुसऱ्या गावच्या एका जाणत्याकडे गेले. त्यानं सांगितलं, "गावातलीच बाई आहे, एकटी राहते, घर टोकाला आहे." नाव घेतलं नाही, पण घर सगळ्यांना कळलं. ती आमच्या गटाची सदस्य होती. विधवा, दुसऱ्याच्या बांधीत रोवणी करून पोट भरणारी. एकही हप्ता तिनं कधी चुकवला नव्हता.

त्या आठवड्याच्या बैठकीला ती आली नाही. अध्यक्षांनी विषय काढला, "तिची बचत परत करून टाकू आणि नाव कमी करू. गावाशी वैर कशाला?" मी ठरावाची वही उघडली. आज सांगायला लाज वाटते, मी तारीखसुद्धा लिहिली होती.

मग बाया बोलायला लागल्या. एक जण म्हणाली, "हा देवाधर्माचा विषय आहे. यात सरकारनं पडू नये, अन् सहयोगिनीनंही पडू नये." नवी सून बारावी शिकलेली. ती म्हणाली, "याच्यावर कायदा आहे, सगळ्यांना तुरुंग होईल." तिसरी चिडून म्हणाली, "कायदा घेऊन काय चाटायचा आहे? नाल्याला पूर आला की दवाखान्यात जाता येत नाही. आधी रस्ता द्या, डॉक्टर द्या, मग आमचे जाणते बंद करा."

मैत्रिणींनो, तिघींचंही म्हणणं ऐकण्यासारखं आहे. म्हणून एकेक घेऊ.

आधी कायद्याबद्दल. लोक त्याला जादूटोणाविरोधी कायदा म्हणतात. असा कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्यासारखे कार्यकर्ते वर्षानुवर्षं झटत होते. 2005 साली विधानसभेनं एक मसुदा मंजूर केला, पण तो पुढं विधान परिषदेत अडकला. विरोध करणाऱ्यांत काही वारकरी मंडळी होती, काही धार्मिक संघटना होत्या. त्यांची भीती अशी, की या कायद्यानं वारी, नवस, कीर्तन, पूजाअर्चा यांवरही पोलीस येतील. राज्यघटनेच्या कलम 25 नं धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे, त्यावर हा घाला आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. दुसरी बाजू म्हणत होती, की देवाच्या नावावर माणसाला मारण्याचं स्वातंत्र्य कुठल्याच घटनेनं दिलेलं नाही.

20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. दाभोलकरांचा गोळ्या घालून खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच सरकारनं वटहुकूम काढला आणि डिसेंबर 2013 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात कायदा मंजूर झाला. मंजूर होताना मसुदा खूप बदललेला होता. विरोध करणाऱ्यांचं बरंच ऐकलं गेलं होतं. कायद्याचं नाव लांबलचक आहे, पण त्यात 'अंधश्रद्धा' हा शब्दच नाही. नरबळी, अमानुष, अनिष्ट, अघोरी प्रथा आणि जादूटोणा, असे शब्द आहेत.

आता पहिल्या बाईचा प्रश्न. सरकार आपल्या देवात पडतं का? या कायद्याच्या शेवटच्या भागात स्पष्ट लिहिलं आहे, की प्रदक्षिणा, यात्रा, वारी, उपासना, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही. घरी, देवळात, दर्ग्यात, गुरुद्वारात, चर्चमध्ये केलेली प्रार्थना आणि धार्मिक विधी, ज्यानं कुणाला शारीरिक इजा होत नाही, त्यांनाही लागू नाही. सण, उत्सव, मिरवणुका, लेकरांचे कान-नाक टोचणं, हे सगळं मोकळं आहे. म्हणजे आपली जत्रा, आपला पेन, आपली माता, आपला पीर, सगळं जागच्या जागी आहे.

मग बंदी कशावर? कायद्याला जोडलेल्या यादीत 12 गोष्टी आहेत. त्यांतल्या आपल्या कामाच्या काही सांगते. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरानं, साखळीनं बांधणं, काठीनं मारणं, मिरचीची धुरी देणं. अमुक माणूस करणी करतो, जादूटोणा करतो असं भासवून त्याचं जगणं कठीण करणं. जादूटोणा केला म्हणून एखाद्याला मारहाण करणं, नागडी धिंड काढणं. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-तंत्रावर थांबवून ठेवणं. आपल्यात शक्ती आहे असं सांगून बाईशी शरीरसंबंध ठेवणं. या गुन्ह्यांना कमीत कमी 6 महिने आणि जास्तीत जास्त 7 वर्षं कैद आहे. दंड 5 हजारांपासून 50 हजारांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. मदत करणारा आणि चिथावणी देणाराही तितकाच दोषी धरला जातो.

अंगात येण्याबद्दल बाया हमखास विचारतात. अंगात आलं म्हणून कुणी पकडून नेत नाही. पण आपल्या अंगात शक्ती आली आहे असं दाखवून लोकांना भीती घालणं, "माझं ऐकलं नाही तर तुझं वाईट होईल" अशी धमकी देणं, हा गुन्हा आहे. रेघ नेमकी इथं आहे. तुम्ही काय मानता ते तुमचं. पण त्या मानण्यातून दुसऱ्याच्या अंगावर हात पडला, त्याचं जगणं अडलं, की ते तुमचं एकटीचं राहत नाही. कलम 25 मध्येही धर्माचं स्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांना धरूनच दिलेलं आहे. आणि कलम 21 नं जगण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे, टोकाच्या घरात एकटी राहणाऱ्या बाईलासुद्धा.

काही जणी म्हणतात, आमच्याकडे पेसा आहे, ग्रामसभा ठरवेल. पेसा कायद्यानं ग्रामसभेला आपल्या रूढी-परंपरा जपण्याचा आणि तंटे आपल्या रीतीनं मिटवण्याचा अधिकार दिला आहे, हे खरं. तो अधिकार मोलाचा आहे. पण तंटा मिटवणं वेगळं आणि माणसाला शिक्षा देणं वेगळं. कुणाला मारायचा, जाळायचा किंवा गावाबाहेर काढायचा अधिकार ग्रामसभेला नाही.

दुसरी सून म्हणाली होती, की कायदा आहे. बरोबर आहे, पण नुसता कायदा असून भागत नाही, हे आपल्याच जिल्ह्यांनी दाखवलं आहे. ऑगस्ट 2021 मध्ये जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात भानामतीच्या संशयावरून सात जणांना भर चौकात बांधून मारलं. ती दलित कुटुंबांतली माणसं होती, त्यांत म्हाताऱ्या बायाही होत्या. मे 2024 मध्ये एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्यात जादूटोण्याच्या संशयावरून एका बाईला आणि एका पुरुषाला जाळून मारण्यात आलं. गावातल्याच 15 जणांना अटक झाली. शेजारच्या छत्तीसगडमध्ये 2005 पासूनच 'टोनही' म्हणून बायांचा छळ करण्याविरुद्ध कायदा आहे. तरी अशा बातम्या संपलेल्या नाहीत. पोलीस ठाणं दूर असतं, जमाव दारात असतो. कायदा पोचेपर्यंत मध्ये कुणीतरी उभं राहावं लागतं.

आणि तिसरी? तिचा राग मला सगळ्यात खरा वाटतो. लेकरू तापानं फणफणलं आहे, रस्ता नाही, रात्र आहे. अशा वेळी आई जाणत्याकडे नाही जाणार तर कुठं जाणार? ज्या सरकारला कायदा करता आला, त्याला डॉक्टरही देता आला पाहिजे. त्यासाठी ग्रामसभेत ठराव करू, निवेदन देऊ, मोर्चा काढू. पण "आधी दवाखाना, मग कायदा" असा क्रम लावला, तर दवाखाना येईपर्यंत त्या बाईनं काय करायचं? डॉक्टर नाही ही सरकारची चूक आहे. तिची शिक्षा शेजारणीला कशी देता येईल?

आता बैठकीचं सांगते. माझं पेन वहीवर थांबलेलं असताना गटातली सगळ्यात म्हातारी आजी उठली. नवरात्रात तिच्या अंगात येतं, साऱ्या गावाला माहीत आहे. ती म्हणाली, "माह्या अंगात माता येते, मी नाही म्हणत नाही. पण कुणाचं नाव घेऊन त्याले मारा म्हणणारी माता मी पाह्यली नाही. तीन लेकरं तापली आहेत, त्यांचं रक्त तपासलं का?"

कुणीच तपासलं नव्हतं. त्याच संध्याकाळी आशाताईला बोलावलं. दोन लेकरांना मलेरिया निघाला, गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्याला सकाळी आरोग्य केंद्रात नेलं. आजी, मी आणि आणखी चौघी पोलीस पाटलांकडे गेलो. रात्री दोघी जणी त्या बाईच्या घरी झोपायला गेल्या. ठराव लिहिला नाही. लिहिलेली तारीख मी खोडली.

सगळं गोड झालं असं नाही. दोन सदस्यांनी गट सोडला. लग्नाकार्यात तिला अजून सगळे बोलावत नाहीत. पण ती बैठकीला येते, हप्ता भरते आणि गटाच्या सतरंजीवर मधोमध बसते.

तुमच्या गावात असं कुजबुजणं सुरू झालं तर एवढं करा. पहिलं म्हणजे आजारी माणसाची तपासणी करून घ्या. साप चावला असेल तर मंत्रात वेळ घालवू नका, 108 ला फोन करा, सरकारी दवाखान्यात सापाच्या विषावर इंजेक्शन मिळतं. ज्या बाईकडे बोट दाखवलं जातंय तिला एकटी सोडू नका. पोलीस पाटलांना सांगा. मारहाणीची भीती असेल तर 112 ला फोन करा. या कायद्यासाठी पोलिसांत दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद आहे, ठाण्यात त्यांची चौकशी करा. समाजानं किंवा जातपंचायतीनं वाळीत टाकलं तर त्यासाठी 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा वेगळा आहे. वकील लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं यावर बोला. सगळ्यांचं एकमत होणार नाही. आमच्या गटातही झालेलं नाही. कुणी जाणत्याला मानेल, कुणी नाही मानणार. पण एका गोष्टीवर सगळ्यांचे अंगठे आणि सह्या घेता येतील, की आमच्या गटातून कुणाचं नाव घेतलं जाणार नाही. आमच्या वहीत तो ठराव आता लिहिलेला आहे. खाली पहिला अंगठा त्या आजीचा आहे.