हुपरीची धूळ आणि उद्यमनगरची धूळ

कोल्हापूरजवळच्या हुपरीत चांदीचे दागिने घडविणाऱ्या कारागिराच्या गाळ्यातली धूळ सहसा रस्त्यावर जात नाही. कानशीने घासताना पडलेला कीस, बफिंगच्या चाकाजवळ साचलेली काळपट भुकटी, बसण्याच्या जागेखालचा केर हे सारे जपून गोळा केले जाते. पुढे ते जाळून, गाळून, वितळवून त्यातील चांदी परत मिळविली जाते. सराफी पेठेतील केरकचऱ्यातून सोने-चांदी शोधणारे झारेकरी तर पिढ्यान्‌पिढ्या याच धुळीवर चरितार्थ चालवीत आले. ज्या धुळीला भाव आहे, तिचा हिशेब ठेवायला कोणाला शिकवावे लागत नाही.

त्याच जिल्ह्यातील शिवाजी उद्यमनगर, शिरोली किंवा गोकुळ शिरगाव येथील लहान कार्यशाळांत चित्र वेगळे दिसते. कोल्हापूरच्या फौंड्र्यांचे नाव देशभर आहे; परंतु लोखंडाचा रस साच्यात ओतण्यापूर्वी त्या वस्तूची हुबेहूब प्रतिकृती लागते. ही प्रतिकृती, म्हणजे पॅटर्न, आजही अनेक ठिकाणी सागवानातून किंवा एमडीएफमधून घडविली जाते. पॅटर्न शॉपमध्ये बँडसॉ, रंधा आणि सँडर दिवसभर चालतात. संध्याकाळी यंत्रे थांबली की कॉम्प्रेसरच्या नळीने बाके आणि यंत्रे फुंकून स्वच्छ केली जातात. जाड भुसा कोपऱ्यात जातो, बारीक भुकटी हवेत उठते, आणि रात्री शांतपणे पुन्हा त्याच बाकावर येऊन बसते. या धुळीला बाजारभाव नाही, म्हणून ती कोणत्याही खात्यात नोंदली जात नाही. नोंद होते ती कारागिराच्या छातीत, आणि ज्या मालकाची खुर्ची कार्यशाळेतच असते, त्याच्याही.

लाकडाची धूळ निरुपद्रवी असते, हा समज फार खोल रुजलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये लाकडाच्या धुळीला मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात स्थान दिले. नाकाच्या पोकळीचा कर्करोग हे त्याचे प्रमुख कारण होते. फौंड्रीतील वाळूची, म्हणजे स्फटिकमय सिलिकाची धूळ दोनच वर्षांनी त्याच गटात आली. सिलिकामुळे होणारा सिलिकोसिस एकदा जडला की फुप्फुस पूर्ववत करणारे औषध नाही. रोग होऊ न देणे एवढेच हाती असते.

येथे सायक्लोन उपयोगी पडतो. नाव परदेशी असले तरी वस्तू घरोघरच्या ओळखीची आहे. मिरची-मसाला दळणाऱ्या पल्व्हरायझरवर उलट्या शंकूच्या आकाराचे पत्र्याचे भांडे असते आणि त्याला जोडून हवेने फुगलेली कापडी पिशवी असते. ते भांडे म्हणजेच सायक्लोन. धूळमिश्रित हवा भांड्याच्या वरच्या भागात कडेने, वळण घेत शिरते आणि भोवऱ्यासारखी फिरू लागते. जड कण बाहेरच्या भिंतीकडे फेकले जातात, वेग गमावतात आणि शंकूवरून घसरत खालच्या डब्यात पडतात. हवा मात्र तळाशी दिशा बदलून मध्यभागातील नळीतून वर निघून जाते. आत फिरणारा एकही भाग नाही, म्हणून झिजण्यासारखे फारसे काही नाही. 1880 च्या दशकात अमेरिकेतील पीठगिरण्यांसाठी या यंत्राचे पेटंट घेतले गेले. पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी, लाकडाच्या कारखान्यावरील असाच एक सायक्लोन पाहून ब्रिटनच्या जेम्स डायसन यांना घरगुती व्हॅक्यूम क्लीनरची कल्पना सुचली आणि 5,127 नमुने करून त्यांनी ती सिद्धीस नेली.

लहान कार्यशाळेत हा सायक्लोन यंत्र आणि व्हॅक्यूम क्लीनर यांच्यामध्ये जोडतात. त्याचे प्रयोजन नीट समजून घेतले पाहिजे. नुसता व्हॅक्यूम सँडरला जोडला, तर थोड्याच वेळात त्याच्या फिल्टरवर भुकटीचा थर बसतो, ओढ मंदावते आणि धूळ पुन्हा खोलीत पसरू लागते. कारागीर फिल्टर झटकतो, झटकताना तीच धूळ स्वतः घेतो, आणि चार दिवसांनी कंटाळून नळी काढून ठेवतो. सायक्लोन मध्ये असला की बहुतांश भुसा वाटेतच डब्यात उतरतो आणि फिल्टर दीर्घकाळ मोकळा राहतो. सायक्लोनची खरी बचत ही ओढ टिकण्यात आहे. फिल्टरचा खर्च वाचतो ती दुय्यम गोष्ट. आकाराने लहान म्हणून तो दुबळा, असेही नाही. हवेचा वेग तोच राहिला, तर वर्तुळ जितके लहान तितका कणांना बाहेर फेकणारा जोर अधिक. मात्र हवेला होणारा अडथळाही वाढतो, आणि रंध्यासारख्या भरपूर ढलप्या टाकणाऱ्या मोठ्या यंत्राला घरगुती व्हॅक्यूमची हवा मुळातच पुरत नाही. तिथे रुंद नळीचा, मोठ्या पंख्याचा संच हवा.

आता गैरसमजाचा भाग. डबा भुशाने भरलेला दिसला, जमीन लख्ख दिसली, की मालकाला वाटते काम झाले. सायक्लोन दहा मायक्रॉनहून मोठे कण उत्तम पकडतो. त्याखाली त्याची पकड सुटत जाते. माणसाचा केस साधारण साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो, आणि फुप्फुसाच्या अगदी तळाशी पोहोचणारे कण चार-पाच मायक्रॉनच्या आतले असतात. म्हणजे जे डोळ्यांना दिसते ते सायक्लोन पकडतो, आणि जे सर्वांत घातक ते बरेचसे त्याच्यातून पुढे निसटते. म्हणूनच पल्व्हरायझरवर शंकूच्या जोडीला पिशवी असते. कार्यशाळेतही सायक्लोननंतर सूक्ष्म कण अडविणारा हेपा दर्जाचा फिल्टर असणे, किंवा बाहेर पडणारी हवा वस्तीपासून दूर सोडणे, अनिवार्य आहे. तोंडावर बांधलेला रुमाल या हिशेबात धरूच नये.

जोडणीतील बहुतेक अपयश डब्याच्या झाकणापाशी सापडते. डब्यात हवेची ओढ असते. झाकणाला बारीकशी फट राहिली तरी बाहेरची हवा तिथून आत घुसते आणि खाली पडलेली धूळ पुन्हा वर उचलून फिल्टरकडे नेते. पातळ प्लॅस्टिकची बादली तर नळी तुंबताच पिचकते. रंगाचा जाड वीस लिटरचा डबा आणि झाकणाखाली रबराची पट्टी हा स्वस्त आणि टिकाऊ उपाय. डबा गळ्यापर्यंत भरू देऊ नये. प्लॅस्टिकच्या नळीत स्थिर वीज साठते आणि झटके बसतात, म्हणून नळीसोबत तांब्याची तार घेऊन ती अर्थिंगला जोडावी. आणि लाकडाचा भुसा ज्या डब्यात जातो, त्यात ग्राइंडरच्या ठिणग्या कदापि जाऊ देऊ नयेत. खेळती हवा, सुका भुसा आणि एक ठिणगी एवढी सामग्री आगीला पुरेशी आहे. फेटलिंगची धूळ वेगळ्या संचात, हे निरपवाद.

1948 च्या कारखाना अधिनियमाच्या 14 व्या कलमाने, धूळ जिथे उत्पन्न होते त्याच्या शक्य तितक्या जवळून ती ओढून घ्यावी, असे सांगून ठेवले होते. मोजक्या माणसांच्या कार्यशाळा त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिल्या. धूळ मात्र कामगारांची संख्या विचारून उडत नाही. नव्या सीएनसी राउटरसाठी कर्जाचा प्रस्ताव तयार करताना स्पिंडल, केबल, उभारणी, विमा यांच्या रकमा बारकाईने लिहिल्या जातात. धूळ ओढण्याचा संच त्याच दरपत्रकात मागून घेतला, तर तो यंत्राच्या किमतीचा भाग होतो आणि त्यावर घसाराही मिळतो. मागाहून तो नुसता खर्च वाटतो आणि पुढच्या वर्षावर ढकलला जातो.

संच बसविल्यावर तो खरोखर काम करतो की नाही, हे पाहण्यास महागडे उपकरण लागत नाही. दिवे मालवून, सँडर चालू ठेवून, एका प्रखर विजेरीचा झोत कामाच्या जागेवर आडवा टाकावा आणि झोताच्या बाजूने, किंचित समोरून पाहावे. एरवी न दिसणारी भुकटी त्या झोतात धुरासारखी तरंगताना दिसते. ती कोठून उठते ते पाहून नळीचे तोंड तिकडे सरकवावे, आणि पुन्हा झोत टाकावा. डबा रिकामा करताना एन-95 मुखपट्टी लावावी, डब्यातच मोठी पिशवी बसवून ती तोंड बांधूनच बाहेर काढावी, आणि कॉम्प्रेसरची नळी त्या दिवशी खुंटीलाच राहू द्यावी.