काजूला पाणी लागतं

नारळ-पोफळीला शिंपणं, आंब्याला खत आणि काजूला वरकस जमीन नि देवाचा पाऊस, ही कोकणातली जुनी वाटणी. ती किती महागात पडते, हे वेंगुर्ल्याजवळच्या एका डोंगरउतारावर जानेवारीत काजूला पाणी देताना पाहिलं तेव्हा कळलं.

बाग वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 च्या कलमांची. दोन्ही जाती इथल्याच फळ संशोधन केंद्राच्या. मोहोराचा एक तुरा हातात घेऊन पाहिला. गुलाबी रेघांची, पाच पाकळ्यांची बारीक फुलं खच्चून भरलेली, पण बहुतेक नर. संयुक्त फुलं थोडी, आणि त्यांतूनही बी धरणार ती मोजकीच. त्याच तुऱ्यावर वाटाण्याएवढ्या हिरव्या बिया होत्या. काजूची बी आधी वाढते, बोंड शेवटी फुगतं. म्हणजे बी भरायची वेळ येते, तेव्हाच जांभ्यावरच्या हातभर मातीतली ओल संपत आलेली असते. पाणी न दिलेल्या झाडाखाली सुकलेल्या बारीक बियांचा सडा पडला होता. ढेकण्या किडीनेही बी गळते, त्यामुळे सगळा दोष तिच्या माथी जातो. पण या बियांवर डंखाचे काळे डाग नव्हते. ही तहानेची गळ होती.

पाणी खोडाशी सोडत नाहीत. फांद्यांच्या घेराखाली, जिथे बारीक मुळं असतात, तिथे ठिबकच्या नळीचं कडं टाकलेलं आणि उताराच्या खालच्या अंगाला मातीचा अर्धगोल बांध. पुत्तूरच्या काजू संशोधन संचालनालयाची शिफारस अशी: जानेवारी ते मार्च, दर पंधरवड्याला झाडामागे 200 लिटर. सात मीटरवर लागवड केली तर हेक्टरी सुमारे 200 झाडं बसतात. म्हणजे एका पाळीला 40,000 लिटर, सहा पाळ्यांना 2 लाख 40 हजार. आकडा ऐकून शेतकरी मागे सरतो. पण हेच पाणी हेक्टरभर पसरलं तर जेमतेम 24 मिलिमीटर भरतं, आणि इथे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो! जुलैतल्या एका दुपारचा पाऊस अडवता आला, तरी हंगाम निघेल.

घाई मात्र चालत नाही. पावसाळा सरताच पाणी सुरू केलं तर झाड पालवीतच रमतं. बागायतदार काका ठामपणे म्हणाले, "मोहोर दिसल्याबगर पाणी घालूचा नाय."

बी खाली पडली की वेचायची, बोंडापासून पिळून सोडवायची, उन्हात वाळवायची. बोंडाचं काय? गोव्यात त्याची फेणी होते, तिला 2009 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. इथे बरीचशी बोंडं झाडाखालीच कुजतात, आणि ते बघवत नाही. काकांना सध्या काळजी पाण्याची आहे. विहीर मार्चअखेर तळ गाठते. म्हणून माथ्यावरच्या कातळसड्यावर प्लास्टिकचं अस्तर घातलेलं शेततळं पावसाआधी पुरं करायचं त्यांनी ठरवलंय. तिथून पाणी उताराने आपसूक खाली येईल, पंप लागणार नाही.