खाचरातलं यार्ड

न्हावा-शेवा बंदर 1989 साली सुरू झालं. त्याच्या भोवतीचं शहर कसं वाढतं ते पाहायचं तर धक्क्याकडे पाठ करून उरण तालुक्यातल्या भाताच्या खाचरांकडे वळावं.

इथली बरीच शेती खारबंदिस्तीची. खाडीकडे मातीचा बांध, बांधात उघाडी. भरतीच्या दाबानं तिची झडप मिटते, ओहोटीला उघडते आणि शेतातलं पावसाचं पाणी खाडीत उतरतं. ना वीज, ना पंप.

बंदराच्या कंटेनरसाठी खाचराचं यार्ड व्हायचं असलं की आधी मुरूम येतो. हायवा डंपरचा हौदा उचलला जातो, मागचा फाळका उघडतो आणि तांबडा ढीग धाडकन पडतो. त्याच्या वजनानं खालचा काळा चिखल कडेनं फुगून वर येतो. बुलडोझर ढीग पसरतो, टँकर पाणी मारतो, रोलर फिरतो. थर बसला की दुसरा, रस्त्याची पातळी गाठेपर्यंत. सगळ्यात स्वस्तात उभं राहतं ते रिकाम्या कंटेनरचं यार्ड. चाळीस फुटी रिकामा डबा जेमतेम चार टनांचा, तो कच्च्या भरावावरही खपून जातो. भरलेले डबे हलवायचे तर ते उचलणारं अवजड यंत्र, रीच स्टॅकर, आलं, म्हणजे जमीनही तशीच भक्कम हवी. मागोमाग पंक्चरवाला, वजनकाटा, ढाबा.

खरी गोष्ट शेजारच्या खाचरात घडते. ते आपसूक खोलगट होतं. त्याचं पाणी उघाडीपर्यंत पोचतच नाही. बांधाची डागडुजी एकट्यादुकट्याचं काम नव्हे, आणि निम्मे शेतकरी उठून गेल्यावर ती करायची कोणी? बांधाला खांड पडते, खारं पाणी आत शिरतं, भात जातो. मग तो शेतकरीही भरावाला हो म्हणतो. त्याला लोभी म्हणणाऱ्यांनी एक पावसाळा त्या बांधावर काढावा. विकास आराखड्यात त्या जमिनीचा रंग कुठलाही असो, पुढचं शेत कधी भरलं जाणार हे शेजारच्या भरावाच्या उंचीवर ठरतं.

1984 साली दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली इथं संपादित जमिनींच्या मोबदल्यासाठी शेतकऱ्यांचं आंदोलन पेटलं, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. पण तो हिशोब संपादित जमिनीचा. शेजारच्या भरावानं नापीक झालेलं शेत त्यात बसत नाही.

जुन्या लोकांनी गावठाणं शेतापेक्षा उंचावर बसवली होती. आता यार्ड वर आणि काही घरं खाली. त्यामुळे पावसाळ्याआधी गावात तक्रार असते ती रस्त्याखालच्या मोऱ्यांची: त्या रुंद करा, निदान साफ तरी करा.